सोन्याच्या भावात बिटकॉइनचा हात किती?

२०२५ या एका वर्षात सोन्याचा डॉलरमधला भाव साठ टक्क्यांहून अधिक वाढला. एप्रिलमध्ये आपल्याकडच्या सराफ बाजारात दहा ग्रॅमने लाखाचा आकडा गाठला आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक बाजारात औंसाचा भाव ४,००० डॉलरच्या पुढे गेला. बिटकॉइननेही त्याच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सव्वा लाख डॉलरचा उच्चांक केला, पण वर्ष संपताना तो वर्षारंभीच्या भावाच्याही खाली उतरला होता. चार वर्षांपूर्वीचे चित्र याच्या उलट होते. २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे साठ टक्के वधारला आणि सोने चार टक्क्यांच्या आसपास उतरले. तेव्हा ‘सोन्याचे दिवस सरले, पैसा कूटचलनाकडे चालला’ असे बोलले जात होते. आता ‘बिटकॉइनने निराश केले म्हणून पैसा सोन्याकडे परतला’ असे बोलले जाते. दोन्ही वाक्यांमागचे गृहीत एकच आहे. दोन्ही बाजारांना पाणी पुरवणारी टाकी एकच आहे, त्यामुळे एका नळाला धार आली की दुसरा आटणारच, असे ते गृहीत.

ते तपासून पाहता येईल इतका पुरावा आता जमला आहे. २०२१ आणि २०२५ ही दोन वर्षे या गृहीताला धरून वागली हे खरे. पण मधल्या तीन वर्षांचे काय? २०२२ मध्ये बिटकॉइनची जवळपास दोन तृतीयांश किंमत बुडाली. सोन्याचा डॉलरमधला भाव मात्र वर्षभराने होता तिथेच होता. बिटकॉइनमधून पळालेला पैसा सोन्याकडे आला असता तर ते वर्ष सोन्याच्या तेजीचे ठरायला हवे होते. २०२३ मध्ये बिटकॉइन दुपटीहून अधिक झाला आणि सोनेही दहा टक्क्यांहून अधिक चढले. २०२४ मध्ये बिटकॉइन पुन्हा दुप्पट, आणि सोने पंचवीस टक्क्यांवर. एक वर तर दुसरा खाली; एक कोसळलेला तर दुसरा स्थिर; दोन्ही वर; अशा सगळ्या जोड्या पाच वर्षांत पाहून झाल्या. एवढ्या वेगवेगळ्या जोड्या जमतात तेव्हा एकाचा भाव दुसऱ्याचा भाव ठरवतो असे म्हणायला फारशी जागा उरत नाही. माझे मत आधीच सांगतो. कूटचलनांमुळे मौल्यवान धातूंचे भाव पडतात किंवा चढतात, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. त्याला एकच ठळक अपवाद आहे. तो अलीकडचा आहे, वाढता आहे, आणि लोक समजतात त्याच्या उलट दिशेचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

बिटकॉइनची सोन्याशी तुलना होते ती निराधार नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या मूळ टिपणातच, नवी नाणी चलनात येण्याच्या रीतीची तुलना सोन्याच्या खाणकामाशी केलेली आहे. एकूण नाण्यांची मर्यादा दोन कोटी दहा लाख. नवी नाणी निघण्याचा वेग साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये तो तसा झाला. सोन्याचा पुरवठाही असाच हट्टी आहे. माणसाने आजवर खणून काढलेले सोने सुमारे २ लाख १६ हजार टन, आणि खाणींतून दर वर्षी त्यात भर पडते ती ३,६०० टनांच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. दोन्ही वस्तू व्याज देत नाहीत. दोन्हींमागे कोणत्याही सरकारचे वचन नाही. त्यामुळे कागदी चलनावरचा विश्वास डळमळलेल्या माणसाला दोन्ही एकाच वेळी आकर्षक वाटू शकतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनला सोन्यासारखीच, पण आभासी वस्तू म्हटले आणि त्याची स्पर्धा डॉलरशी नसून सोन्याशी आहे असे सांगितले. ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीचे प्रमुख लॅरी फिंक त्याआधीच, २०२३ मध्ये, ‘सोन्याचे डिजिटलीकरण’ अशा अर्थाचे बोलले होते. इतक्या वजनदार तोंडून आलेली तुलना लोकांना पटली तर नवल नाही.

अभ्यासकांमध्ये मात्र ती फार काळ टिकली नाही. ॲन हाउबो डायरबर्ग यांनी २०१६ मध्ये चढउतारांच्या सांख्यिकीवरून बिटकॉइन हा सोने आणि डॉलर यांच्या मधोमध कुठेतरी बसतो असा निष्कर्ष काढला. त्यावर बरीच चर्चा झाली. दोनच वर्षांनी डर्क बाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली आणि बिटकॉइनची चाल सोन्यासारखीही नाही, डॉलरसारखीही नाही, असे दाखवले. त्याच वर्षी क्लाइन, थू आणि वॉल्थर यांच्या निबंधाने शीर्षकातच बिटकॉइन हे नवे सोने नव्हे असे जाहीर केले. बाजार कोसळतो तेव्हा सोने सावरते आणि बिटकॉइन बाजाराबरोबर घसरतो, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होते. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी जानेवारी २०२२ मध्ये दाखवले की २०१७ ते २०१९ या काळात बिटकॉइन आणि अमेरिकी शेअर निर्देशांक यांचा सहसंबंध जवळपास शून्य होता, तो २०२०-२१ मध्ये ०.३६ वर गेला. म्हणजे मोठ्या संस्थांचा पैसा जसजसा बिटकॉइनमध्ये शिरला, तसतसा तो सोन्याच्या नव्हे तर शेअरच्या जवळ सरकला. गोल्डमन सॅक्सचे तेव्हाचे वस्तुबाजार-संशोधनप्रमुख जेफ करी यांनी २०२१ मध्ये याच अर्थाने सांगितले होते की बिटकॉइनची बरोबरी सोन्याशी करण्यापेक्षा तांब्याशी करावी. तांबे तेजीच्या आशेवर चढते, सोने भीतीपोटी चढते. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची बरीच गुंतागुंत त्याने सुटते.

दुसरा मुद्दा आकारमानाचा. एप्रिल २०१३ मध्ये दोन्ही बाजार एकाच आठवड्यात हादरले होते. सायप्रसच्या बँक संकटाने बिटकॉइनचे नाव जगभर झाले, १० एप्रिलला त्याचा भाव २६६ डॉलरपर्यंत गेला आणि लगेच कोसळला. त्याच आठवड्याअखेरीस सोन्याची घसरण सुरू झाली; १२ आणि १५ एप्रिल या दोन दिवसांत औंसामागे दोनशे डॉलर गेले. आज मागे वळून पाहताना या दोन घटना एका धाग्यात ओवण्याचा मोह होतो. पण तेव्हा जगातल्या सगळ्या बिटकॉइनची मिळून किंमत जेमतेम एक-दोन अब्ज डॉलर होती, आणि सोन्याचा साठा काही हजार अब्ज डॉलरचा. त्या वेळी बिटकॉइनने सोन्याला हलवले असे म्हणणे अशक्यच आहे. २०२५ पर्यंत हे अंतर बरेच कमी झाले. औंसाला ४,००० डॉलर धरले तर जगातल्या सगळ्या सोन्याची किंमत २८ हजार अब्ज डॉलरच्या घरात जाते, आणि बिटकॉइनची, लाख डॉलर भाव धरला तर, दोन हजार अब्ज. एकास चौदा. आता परिणाम होणे अशक्य राहिलेले नाही, म्हणूनच प्रश्न गंभीरपणे घ्यायचा.

परिणाम झाला असल्याचा सर्वांत भक्कम दावा २०२०-२१ सालाबद्दल केला जातो. ऑगस्ट २०२० मध्ये सोने प्रथमच २,००० डॉलरच्या वर गेले. करोनाच्या त्या वर्षात सोन्याच्या ईटीएफ योजनांनी जगभरात साडेआठशे टनांहून अधिक सोने जमा केले होते. मग शरद ऋतूपासून वारे फिरले. ईटीएफमधून सोने बाहेर पडू लागले आणि नेमक्या त्याच महिन्यांत बिटकॉइनच्या अमेरिकी ट्रस्टमध्ये संस्थांचा पैसा येऊ लागला. जेपी मॉर्गनच्या विश्लेषकांनी डिसेंबर २०२० मध्ये ही जोडी टिपली आणि पुढची काही वर्षे सोन्याला याचा जाच होईल असे भाकीत केले. २०२१ मध्ये सोन्याच्या ईटीएफमधून पावणेदोनशे टनांच्या आसपास सोने खरोखरच बाहेर गेले. कंपन्याही यात उतरल्या होत्या. मायक्रोस्ट्रॅटेजीने ऑगस्ट २०२० पासून आपली शिल्लक बिटकॉइनमध्ये गुंतवायला सुरुवात केली होती आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने दीड अब्ज डॉलरची बिटकॉइन खरेदी जाहीर केली. चलन छपाईपासून बचाव म्हणून ज्यांनी पूर्वी कदाचित सोने घेतले असते, त्यातल्या काहींनी या वेळी बिटकॉइन घेतला, हे मी मान्य करतो. काठावरचे थोडे गुंतवणूकदार हलले.

पण त्याने भाव हलला का? याचे उत्तर पुढच्या वर्षाने दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा बडा विनिमय मंच दिवाळखोरीत गेला, बिटकॉइन १६,००० डॉलरपर्यंत कोसळला, आणि ‘डिजिटल सोन्या’वरचा विश्वास पार उडाला. त्या वर्षीही सोन्याच्या ईटीएफमधून पैसा बाहेरच जात राहिला. २०२३ मध्ये आणखी २४० टनांच्या आसपास सोने निघाले. बिटकॉइन चढो वा पडो, पाश्चात्त्य गुंतवणूकदार सलग तीन वर्षे सोने विकत होता. त्याचे कारण व्याजदरांत सापडते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून दर शून्याजवळून उचलले आणि जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. महागाई वजा जाता दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर २०२१ मध्ये उणे एक टक्का मिळत होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिक अडीच टक्क्यांपर्यंत गेला. बिनव्याजी धातू सांभाळण्याची किंमत एवढी वाढल्यावर फंडांनी तो विकला, यात नवल नाही. २०२०च्या शरद ऋतूत दिसलेली जोडीही याच प्रकाशात पाहावी लागते. करोनाची लस आल्याच्या बातमीने भीती ओसरली, भीतीची वस्तू विकली गेली आणि आशेच्या वस्तू घेतल्या गेल्या. बिटकॉइन त्यांपैकी एक होता.

याहून मोठे कोडे पुढचे आहे. व्याजदर एवढे वाढले, ईटीएफमधून एवढे सोने निघाले, तरी भाव पडला कसा नाही? त्याचे उत्तर मध्यवर्ती बँका. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची सुमारे तीनशे अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. डॉलर आणि युरोतील रोखे एका आदेशाने निरुपयोगी होऊ शकतात, हे प्रत्येक देशाच्या अर्थमंत्र्याने पाहिले. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत मध्यवर्ती बँकांनी मिळून दर वर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले. आपल्या रिझर्व्ह बँकेने एकट्या २०२४ मध्ये सत्तर टनांहून अधिक घेतले आणि तिचा साठा ८८० टनांच्या घरात गेला. या खरेदीदारांना बिटकॉइनचा भाव काय आहे याच्याशी काही देणेघेणे नाही. सोन्याचा भाव आज ज्यांच्या खांद्यावर उभा आहे तेच हे लोक आहेत, आणि कूटचलनाने सोन्याची जागा घेतली असे म्हणायचे तर ती यांच्या तिजोरीत घेतलेली दिसायला हवी.

ती तशी दिसत नाही. एल साल्वादोर हे बिटकॉइनला सप्टेंबर २०२१ मध्ये कायदेशीर चलनाचा दर्जा देणारे पहिले राष्ट्र. त्याच देशाच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरचे, १३,९९९ औंस सोने घेतले. १९९० नंतरची ही तिची पहिली सोनेखरेदी. चेक प्रजासत्ताकाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आलेश मिखल यांनी जानेवारी २०२५ मध्ये गंगाजळीत बिटकॉइन घेण्याचा विचार मांडून युरोपात खळबळ उडवली होती. वर्षाअखेरीस त्या बँकेने प्रत्यक्षात घेतले ते प्रयोगादाखल दहा लाख डॉलरचे डिजिटल मालमत्तांचे खाते. सोने मात्र ती महिन्यामागून महिना घेतच आहे, २०२८ पर्यंत शंभर टनांचे लक्ष्य ठेवून. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये बिटकॉइनचा सामरिक साठा जाहीर केला, पण त्यात जमा होणार होती ती प्रामुख्याने गुन्ह्यांत जप्त झालेली नाणी. त्यासाठी कोणी सोने विकले नाही.

दोन्ही भाव एकाच दिवशी हलतात तेव्हा काय समजायचे? अशा दिवसांच्या नोंदी मला बेरीज-वजाबाकीच्या तक्त्यांहून अधिक बोलक्या वाटतात. मार्च २०२० मध्ये जगभर रोखीची टंचाई झाली तेव्हा बिटकॉइन एका दिवसात जवळपास निम्मा झाला आणि १,७०० डॉलरजवळचे सोनेही १,४७० पर्यंत खाली आले. दोन्ही विकून लोक मार्जिन भरत होते. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा बँकांवरच्या अविश्वासाने दोन्ही चढले. सोने दोन आठवड्यांत २,००० डॉलरला टेकले, बिटकॉइन २० हजारांखालून २८ हजारांवर गेला. या दोन्ही वेळी कारण बाहेरचे होते आणि ते दोघांना एकाच दिशेने ढकलत होते. मग शनिवार, १३ एप्रिल २०२४. इराणने इस्रायलवर ड्रोन सोडले तेव्हा सोन्याचे सगळे मोठे बाजार बंद होते आणि चोवीस तास चालणारा कूटचलनांचा बाजार तेवढा उघडा होता. त्या काही तासांत बिटकॉइन पडला, आणि त्याच मंचांवर विकले जाणारे, खऱ्या सोन्याच्या आधारावरचे डिजिटल टोकन चढले. युद्धाच्या भीतीने माणसे कशाकडे धावतात आणि कशापासून पळतात हे इतके स्वच्छ क्वचितच दिसते. १० ऑक्टोबर २०२५च्या शुक्रवारी त्याचीच पुनरावृत्ती झाली. अमेरिकेकडून चीनवर शंभर टक्के जादा आयातशुल्काची धमकी आली, कर्जाऊ पैशावर उभे असलेले १९ अब्ज डॉलरचे कूटचलन-सौदे एका दिवसात उडाले, आणि सोने ४,००० डॉलरवर ठाम राहून पुढच्या दहा दिवसांत ४,३८० पर्यंत गेले. २१ ऑक्टोबरला सोने एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक पडले तेव्हा बिटकॉइन थोडा उसळला खरा, आणि ‘पैसा परतला’ अशी हाकाटी झाली; ती उसळी फार टिकली नाही आणि नोव्हेंबरमध्ये बिटकॉइन ९० हजारांच्या खाली गेला.

चांदी, प्लॅटिनम आणि पॅलेडियमबाबत फार रेंगाळण्याचे कारण नाही. चांदीची निम्म्याहून अधिक मागणी उद्योगांची आहे, सौर पॅनेलपासून विजेच्या उपकरणांपर्यंत, आणि २०२१ पासून दर वर्षी पुरवठा मागणीला कमी पडतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने ५० डॉलरची वेस ओलांडली. १९८० मध्ये हंट बंधूंच्या साठेबाजीच्या काळात आणि पुन्हा २०११ मध्ये भाव याच वेशीवर अडला होता. त्या आठवड्यांत लंडनच्या तिजोऱ्यांतली मोकळी चांदी संपत आली होती, अमेरिकी शुल्काच्या धास्तीने बरीच चांदी आधीच न्यूयॉर्कला गेली होती, आणि दिवाळीच्या तोंडावर भारतातून एवढी मागणी आली की आपल्याकडच्या काही म्युच्युअल फंडांना चांदीच्या योजनांत नवा एकरकमी पैसा घेणे थांबवावे लागले. या घटनाक्रमात कूटचलनाला जागाच नाही. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये ३,००० डॉलरच्या वर गेले ते रशियन पुरवठा तुटण्याच्या भीतीने, आणि नंतर उतरले ते विजेवरच्या गाड्यांनी पेट्रोल गाड्यांतल्या धूरशुद्धीकरण यंत्रणेची गरज कमी केली म्हणून.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला जातो: तरुण पिढी सोने सोडून बिटकॉइन घेते आहे का? चेनॅलिसिस या संस्थेच्या कूटचलन-वापराच्या क्रमवारीत भारत २०२३ पासून सलग पहिला आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण पाहा, २०२१ हे आपल्याकडच्या कूटचलन-वेडाचे शिखर होते. क्रिकेटच्या सामन्यांमध्ये त्याच्या जाहिरातींचा भडिमार चालला होता. त्याच वर्षी भारताची सोन्याची मागणी सुमारे ४४६ टनांवरून ७९७ टनांवर गेली. टाळेबंदीत अडलेली लग्ने झाली आणि लोकांनी दागिने घेतले. पुढे १ एप्रिल २०२२ पासून कूटचलनाच्या नफ्यावर तीस टक्के कर आणि जुलैपासून प्रत्येक व्यवहारावर एक टक्का उद्गम करकपात आली, आपल्या मंचांवरची उलाढाल एकदम आटली, आणि त्यामुळे सोन्याची मागणी वाढली असेही झाले नाही. मोबाइलवर पाचशे-हजार रुपयांचे बिटकॉइन घेणारा मुलगा आणि त्याच्या लग्नासाठी पाटल्या करणारी त्याची आई एकाच घरात राहतात. त्यांचे पैसे मात्र वेगवेगळ्या हेतूंनी बाजूला पडलेले असतात. जळगावच्या सराफ बाजारात किंवा झवेरी बाजारात येणारे गिऱ्हाईक लग्न, सण, पीकपाणी आणि अडीनडीला मिळणारे सोनेतारण कर्ज यांच्या हिशेबाने येते. पुण्यातल्या पोलिसांनी २०१८ मध्ये उघडकीस आणलेल्या ‘गेनबिटकॉइन’ फसवणूक प्रकरणात दरमहा दहा टक्क्यांच्या आमिषाला भुलून ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली, त्यांना हा भेद कोणी वेळेवर समजावून सांगायला हवा होता असे मला कळकळीने वाटते.

आपल्या भावावर खरा परिणाम करणाऱ्या दोन गोष्टी तर अगदी घरच्या आहेत: रुपया आणि आयातशुल्क. २०२२ मध्ये जगात सोने स्थिर असताना भारतात ते दहा टक्क्यांहून अधिक महागले, कारण रुपया ७४ वरून ८३ च्या जवळ घसरला आणि जुलैत सरकारने शुल्क १५ टक्क्यांवर नेले. २३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात तेच शुल्क सहा टक्क्यांवर आले तेव्हा भाव एका दिवसात हजारो रुपयांनी उतरला. बिटकॉइनच्या कोणत्याही चढउताराने भारतीय सोन्याला असा धक्का दिलेला नाही.

आता तो अपवाद. डॉलरशी एकास एक बांधलेली ‘टेदर’ ही कूटचलनांच्या जगातली सर्वांत मोठी स्टेबलकॉइन आहे. कूटचलनांचे बहुतेक सौदे तिच्यातून होतात. सप्टेंबर २०२५ अखेर चलनात असलेले टेदर १७० अब्ज डॉलरहून अधिक होते. ग्राहक खरे डॉलर देतो आणि टोकन घेतो. त्याला त्यावर व्याज मिळत नाही. टेदर काढणारी, त्याच नावाची कंपनी ते डॉलर मुख्यतः अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत ठेवते आणि त्यांचे व्याज स्वतःकडे राखते. २०२४ मध्ये तिने तेरा अब्ज डॉलरहून अधिक नफा जाहीर केला. त्या नफ्यातून ही कंपनी सोने घेते आहे, आणि ते कागदी सोने नव्हे; स्वित्झर्लंडमधल्या तिजोरीत ठेवलेल्या विटा. सप्टेंबर २०२५ अखेर तिच्या राखीव निधीत सुमारे तेरा अब्ज डॉलरचे मौल्यवान धातू होते. तिच्या सोन्याच्या टोकनामागचा साठा धरून जेफरीज या गुंतवणूक बँकेच्या विश्लेषकांनी हा आकडा ११६ टनांच्या आसपास असल्याचा अंदाज केला. दक्षिण कोरियाच्या मध्यवर्ती बँकेकडे १०४ टन आहे, हंगेरीकडे ११०. त्याच अंदाजानुसार जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीने २६ टन घेतले. तेव्हाच्या जागतिक मागणीच्या तुलनेत हे दोन टक्के होते, मध्यवर्ती बँकांच्या खरेदीच्या तुलनेत बारा टक्के.

दोन टक्के थोडे वाटतील, पण पुरवठा ताठर असलेल्या बाजारात नव्याने आलेला, भावाची घासाघीस न करणारा आणि आठवड्यामागून आठवडा परतणारा खरेदीदार आपल्या आकाराहून अधिक परिणाम करतो. याहून मला अस्वस्थ करते ती त्यामागची साखळी. चढे अमेरिकी व्याजदर सोन्याला मारक असतात, असे आपण वर्षानुवर्षे शिकत आलो. या कंपनीच्या बाबतीत तेच व्याज सोनेखरेदीचा पैसा पुरवते. कूटचलनांची उलाढाल वाढली की टेदरची मागणी वाढते, रोखे वाढतात, व्याज वाढते आणि सोन्याच्या विटा वाढतात. म्हणजे २०२१ मध्ये ज्या तेजीने सोन्याचा पैसा पळवल्याचे सांगितले गेले, तीच तेजी आता सोन्याला गिऱ्हाईक देते आहे. कंपनीने २०२५ मध्ये एलिमेंटल आल्टस या सोन्याच्या रॉयल्टी कंपनीतही मोठा हिस्सा घेतला. सोन्याची टोकने अजून लहान आहेत. टेदरचे आणि पॅक्सोस या दुसऱ्या कंपनीचे मिळून २०२५ अखेरीस काही अब्ज डॉलर. मात्र त्यातल्या प्रत्येक टोकनामागे धातू लागतो, त्यामुळे त्यांची वाढही सोन्याची मागणीच आहे.

ही साखळी उलटी फिरू शकते. धारकांनी एकाच वेळी टोकने परत करून डॉलर मागितले तर कंपनी आधी रोखे विकेल, आणि रेटा मोठा असला तर सोने. एस अँड पी या पतमापन संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये टेदरच्या डॉलरशी जखडून राहण्याच्या क्षमतेला सर्वांत खालचा ‘कमकुवत’ दर्जा दिला. बिटकॉइन आणि सोन्यासारख्या चढउताराच्या मालमत्तांचा राखीव निधीतला वाढता वाटा हे तिने दिलेल्या कारणांपैकी एक होते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्याने तिथल्या स्टेबलकॉइनच्या निधीत रोख आणि अल्पमुदतीचे रोखे अशाच गोष्टींना परवानगी दिली आहे, सोन्याला नाही. त्यामुळे ही खरेदी किती वाढेल याला एक मर्यादा पडू शकते. एवढे मात्र नक्की की कूटचलनाच्या बाजारातला हाहाकार सोन्याच्या भावापर्यंत पोहोचवणारा एक खरा मार्ग आता तयार झाला आहे, आणि तो २०२१ मध्ये नव्हता.

म्हणून घरच्या कार्यासाठी सोने घेणाऱ्यांनी बिटकॉइनचा भाव पाहून थांबू नये आणि घाईही करू नये. त्यांनी रुपया, आयातशुल्क आणि मध्यवर्ती बँकांची खरेदी यांवर नजर ठेवावी. सोन्याच्या बाजारावर लिहिणाऱ्यांनी मात्र मध्यवर्ती बँकांच्या आकड्यांशेजारी या एका खासगी कंपनीचे तिमाही आकडेही ठेवायला हवेत. २०२५ अखेरपर्यंत तिचे पूर्ण स्वतंत्र लेखापरीक्षण झालेले नव्हते. लेखापालांनी साक्षांकित केलेली तिमाही विवरणे तेवढी प्रसिद्ध होत होती. मध्यम आकाराच्या देशाइतके सोने बाळगणाऱ्या कंपनीला एवढी सूट मिळू नये. आपल्याला लागणारे जवळपास सगळे सोने आपण परदेशातून आणतो, त्यामुळे पूर्ण लेखापरीक्षणाची मागणी भारताने आंतरराष्ट्रीय मंचांवर लावून धरली पाहिजे.